सायकलवरील पायदळ : पंचविसाव्या पलटणीचा मिसूला ते सेंट लुईस प्रवास (१८९७) — एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात प्रवासाला मोठे स्थान आहे. मात्र आपण ज्या प्रवासांचा अभ्यास करतो ते बहुधा राजदूतांचे, धर्मप्रसारकांचे, व्यापाऱ्यांचे वा विजेत्या सेनापतींचे असतात. आज्ञेवरून प्रवास करणारा सामान्य शिपाई या इतिहासात क्वचितच दिसतो. दिसलाच तर केवळ संख्येच्या रूपाने. प्रस्तुत निबंधाचा विषय असलेला प्रवास अशाच वीस सामान्य शिपायांचा आहे. १८९७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतील वीस कृष्णवर्णीय सैनिकांनी मॉन्टाना राज्यातील मिसूला येथून मिसूरी राज्यातील सेंट लुईसपर्यंतचे सुमारे १९०० मैलांचे (सुमारे ३०६० किलोमीटर) अंतर सायकलवरून पार केले. वाटेत बांधीव रस्ता जवळजवळ नव्हताच. डोंगर, चिखल, वाळू आणि लोहमार्गाचे स्लीपर हाच त्यांचा रस्ता होता.

आज पाश्चात्त्य देशांत ‘बाइकपॅकिंग’ या नावाने एक छंद लोकप्रिय झाला आहे. निवारा, अंथरूण, अन्न व दुरुस्तीची हत्यारे सायकलच्याच सांगाड्यावर बांधून, डांबरी रस्ता सोडून, आडवाटेने दीर्घ प्रवास करणे असे त्याचे स्वरूप आहे. या छंदाची पूर्वपीठिका शोधताना अभ्यासक मिसूलाच्या या तुकडीपाशी येऊन थांबतात. परंतु छंद हा स्वेच्छेचा असतो. या सैनिकांनी तुकडीत येणे स्वीकारले होते हे खरे. तथापि मार्ग, वेग, शिधा आणि मुक्काम यांपैकी काहीही त्यांनी ठरविलेले नव्हते. हा भेद लक्षात न घेता केवळ साहसकथा म्हणून या घटनेकडे पाहिले, तर तिचा निम्मा अर्थ हरवतो.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. १) या प्रयोगामागील लष्करी व सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे. २) प्रवासाचा मार्ग, साधनसामग्री व प्रत्यक्ष अडचणी यांचे विवेचन करणे. ३) प्रयोगाचे श्रेय आणि सैनिकांचे पुढील जीवन यांतील विसंगती तपासणे.

या विषयाची माहिती प्रामुख्याने तीन प्रकारच्या साधनांतून मिळते : तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट जेम्स ए. मॉस यांचे अहवाल, सोबत सायकलवरून गेलेल्या एडवर्ड बूस या तरुण वार्ताहराची वृत्तपत्रीय वार्तापत्रे आणि तत्कालीन छायाचित्रे. अहवाल लिहिणारा अधिकारी आणि बातम्या पाठविणारा वार्ताहर हे दोघेही गोरे होते. सायकल चालविणाऱ्या सैनिकांचे स्वतःचे शब्द या साधनांत फार थोडे आहेत. ही मर्यादा प्रारंभीच नोंदविणे आवश्यक आहे, कारण ती केवळ साधनांची मर्यादा नसून विषयाचाच एक भाग आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. १८६६ च्या कायद्यान्वये शांततेच्या काळातील सैन्यात प्रथमच कृष्णवर्णीयांच्या सहा स्वतंत्र पलटणी उभारण्यात आल्या. १८६९ च्या पुनर्रचनेत त्यांपैकी पायदळाच्या चार पलटणींचे विलीनीकरण होऊन चोविसावी व पंचविसावी अशा दोन पलटणी उरल्या. घोडदळाच्या नवव्या व दहाव्या पलटणी होत्याच. शिपाई कृष्णवर्णीय आणि अधिकारी, काही अपवाद वगळता, गोरे अशी ही रचना होती. १८८८ मध्ये पंचविसावी पलटण मॉन्टानामध्ये आली आणि तिच्या काही कंपन्या मिसूला येथील ठाण्यात राहू लागल्या.

दुसरीकडे सायकल या वाहनात क्रांती घडत होती. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी समान आकाराच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. उंच चाकाची धोकादायक सायकल मागे पडली आणि सामान्य माणसाला पेलणारे वाहन अस्तित्वात आले. युरोपातील सैन्यांनी निरोप पोहोचविण्यासाठी व टेहळणीसाठी सायकलचा वापर सुरू केला होता. अमेरिकेत जनरल नेल्सन माइल्स हे सायकलचे पुरस्कर्ते होते. १८९२ मध्ये त्यांनी शिकागोहून न्यूयॉर्कला सायकलस्वारांच्या साखळीद्वारे लष्करी संदेश पाठवून पाहिला होता. १८९५ मध्ये ते सैन्याचे प्रमुख झाले आणि अशा प्रयोगांना अनुकूल वातावरण निर्माण झाले.

याच काळाची दुसरी बाजू काळीकुट्ट आहे. १८९४ मध्ये ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारणारा नियम केला. १८ मे १८९६ रोजी ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्णाधारित विभक्तीकरणाला घटनात्मक मान्यता दिली. मिसूलाची सायकल तुकडी स्थापन झाली ती त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. म्हणजेच ज्या नागरिकांना सायकल संघटनेत प्रवेश नव्हता आणि रेल्वेच्या डब्यात समान आसन नव्हते, त्यांच्याच खांद्यावर सायकलची राष्ट्रीय उपयुक्तता सिद्ध करण्याची जबाबदारी टाकण्यात आली.

१८९६ चे प्राथमिक प्रयोग

लेफ्टनंट मॉस हे मूळचे लुइझियानाचे. १८९४ मध्ये ते वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतून बाहेर पडले, तेव्हा गुणानुक्रमे त्यांचा क्रमांक वर्गात शेवटचा होता. कृष्णवर्णीय पलटणीतील नेमणूक ही त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्यांत फारशी प्रतिष्ठेची मानली जात नसे. मॉस स्वतः उत्साही सायकलस्वार होते. त्यांनी वरिष्ठांची परवानगी मिळविली आणि आठ सैनिकांची तुकडी उभी केली. ए. जी. स्पाल्डिंग या कंपनीने सायकली विनामूल्य दिल्या. शासनाला यंत्रासाठी खर्च आला नाही. एका सैनिकाला सायकल दुरुस्तीचे काम उत्तम येत असे, आणि तोच तुकडीचा सर्वांत मोलाचा माणूस ठरला.

ऑगस्ट १८९६ मध्ये तुकडीने मिसूलाहून लेक मॅकडोनाल्डपर्यंत जाऊन येण्याचा चार दिवसांचा, १२६ मैलांचा पहिला प्रवास केला. पाऊस, चिखल आणि वाटेत आडवे पडलेले वृक्ष यांमुळे सायकलवर बसण्यापेक्षा ती ढकलण्याचे प्रसंगच अधिक आले. त्यानंतर त्याच महिन्यात तुकडी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाकडे निघाली. जाण्या-येण्याचा हा प्रवास सुमारे ८०० मैलांचा होता. मॅमथ येथील मिनर्व्हा टेरेसच्या पांढऱ्याशुभ्र चुनखडीच्या पायऱ्यांवर सायकली घेऊन उभ्या असलेल्या सैनिकांचे, एफ. जे. हेन्स यांनी टिपलेले छायाचित्र या तुकडीचे सर्वाधिक परिचित चित्र होय. त्यात सैनिक ताठ उभे आहेत. वाटेत त्यांनी किती वेळा पंक्चर काढले हे त्या छायाचित्रात अर्थातच दिसत नाही.

साधनसामग्री व तिची मांडणी

१८९७ च्या मोठ्या प्रवासासाठी स्पाल्डिंग कंपनीने लष्करी उपयोगाच्या खास सायकली तयार केल्या. लाकडी रिमऐवजी पोलादी रिम, मजबूत केलेले पुढचे फोर्क, साखळीवर झाकण, ब्रेक आणि सामान ठेवण्याची सोय ही त्यांची वैशिष्ट्ये होती. सायकलचे वजन सरासरी ३२ पौंड (सुमारे १४.५ किलो) होते, सर्व सामान बांधल्यावर ते ५९ पौंडांच्या (सुमारे २७ किलो) आसपास जात असे.

सामानाच्या मांडणीत विलक्षण विचार दिसतो. घोंगडी, तंबूचा अर्धा भाग व त्याच्या काठ्या यांची गुंडाळी हँडलच्या पुढे बांधलेली असे. प्रत्येक सैनिकाकडे अर्धा तंबू. दोघांनी आपापले भाग जोडले की एक निवारा तयार होई. सायकलच्या सांगाड्यातील त्रिकोणी पोकळीत बसेल अशी कडक पेटी असे व तिच्यात शिधा ठेवला जाई. स्वयंपाकाची भांडी, सुटे भाग आणि दुरुस्तीची हत्यारे तुकडीत वाटून दिलेली असत. याशिवाय सुमारे १० पौंड वजनाची क्रॅग-यॉर्गेनसेन रायफल आणि ५० काडतुसांचा पट्टा प्रत्येकाच्या अंगावर होता. आजचा हौशी प्रवासी हँडलवरील गुंडाळी आणि सांगाड्यातील पिशवी यांना आधुनिक शोध समजतो. मूलतः ही मांडणी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शिपायांनी अनुभवातून तावून-सुलाखून घेतलेली आहे. जड वस्तू मध्यभागी व खाली, हलक्या पण आकाराने मोठ्या वस्तू पुढे, हे समतोलाचे तत्त्व तेव्हाही तेच होते. फरक एवढाच की आजच्या प्रवाशाच्या पाठीवर बंदूक नसते.

शिध्याची व्यवस्था हा या योजनेतील कच्चा दुवा होता. सैनिक साधारणतः दोन दिवसांचा शिधा बरोबर बाळगत आणि पुढील शिधा सुमारे शंभर शंभर मैलांवरील ठिकाणी रेल्वेने आधीच पाठविला जाई. हवामान चांगले असेपर्यंत हे गणित जुळत असे. चिखलाने वेग मंदावला की शिधा संपे आणि पुढचे ठाणे दूरच राही. अशा वेळी उपाशीपोटी सायकल ढकलण्यावाचून पर्याय नसे.

मिसूला ते सेंट लुईस

१४ जून १८९७ रोजी पहाटे तुकडीने मिसूला सोडले. वीस सैनिक, लेफ्टनंट मॉस, लष्करी डॉक्टर जेम्स केनेडी आणि वार्ताहर बूस अशी एकूण तेवीस माणसे होती. सैनिकांचे सरासरी वजन १४८ पौंड होते. वीस सैनिकांपैकी पाच जण आदल्या वर्षीच्या तुकडीतील होते. सार्जंट मिंगो सँडर्स हे शिपायांतील ज्येष्ठ. १८८१ मध्ये सैन्यात दाखल झालेल्या या अनुभवी सैनिकावर तुकडीची शिस्त अवलंबून होती.

मॉन्टानात पहिले दिवस पावसाचे गेले. रॉकी पर्वतातील जलविभाजक ओलांडताना जून महिन्यातही हिमाचा मारा सोसावा लागला. मैदानात उतरल्यावर ‘गम्बो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिकणमातीने गाठले. ही माती चाकांना, साखळीला व फोर्कला अशी चिकटे की चाक फिरणेच बंद होई. काही पावले जावे, काठीने वा सुरीने माती खरवडावी आणि पुन्हा काही पावले जावे, असा क्रम तासन्‌तास चालत असे. आपल्याकडील काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात सायकल हाती धरून गेलेल्या कोणालाही याची कल्पना सहज येईल.

बिलिंग्जवरून तुकडी वायोमिंगमध्ये शिरली. शेरिडन, जिलेट, न्यूकॅसल या गावांवरून पुढे साउथ डकोटाचा कोपरा ओलांडून ती नेब्रास्कात पोहोचली. मार्ग बव्हंशी लोहमार्गाच्या सोबतीने आखलेला होता. त्याचे कारण उघड आहे : शिधा रेल्वेने येत होता आणि पाण्याची ठिकाणेही रेल्वेच्या स्थानकांपाशीच होती. मुक्त भटकंतीचे प्रतीक मानली गेलेली ही सायकल प्रत्यक्षात रेल्वेवर अवलंबून होती, ही बाब लष्करी मूल्यमापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश हा संपूर्ण प्रवासातील सर्वांत खडतर टप्पा ठरला. सैल वाळूत चाक रुतत असल्याने सायकल चालविणे अशक्य होते. त्यामुळे सैनिकांनी लोहमार्गाच्या स्लीपरांवरून सायकली चालविल्या वा ढकलल्या. सुमारे १७० मैलांच्या या पट्ट्याला साडेचार दिवस लागले. उष्णता १०० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेली होती आणि मिळणारे पाणी क्षारयुक्त होते. ते पिऊन अनेक सैनिक आजारी पडले. खुद्द मॉस यांनाही आजारामुळे काही काळ मागे थांबावे लागले आणि त्या अवधीत डॉ. केनेडी यांनी तुकडीचे नेतृत्व केले. आजारी डॉक्टरच्या हाती सोपविता येतो, अधिकारी मागे थांबू शकतो. शिपायाला मात्र सायकल आणि बंदूक घेऊन पुढेच जावे लागते, हे या प्रसंगातून दिसते.

पूर्व नेब्रास्कापासून रस्ते सुधारले आणि वेग वाढला. लिंकन व सेंट जोसेफ ही शहरे मागे टाकून तुकडी मिसूरी राज्यातून पूर्वेकडे निघाली. अनेक गावांत लोकांनी कुतूहलाने व कौतुकाने स्वागत केले होते. परंतु मिसूरी हे यादवी युद्धापूर्वी गुलामगिरी असलेले राज्य. तेथील काही शेतकऱ्यांनी या सैनिकांना पाणी व मुक्कामाची जागा देण्यास नकार दिला. अंगावर राष्ट्राचा गणवेश असूनही घोटभर पाण्यासाठी कातडीचा रंग आडवा आला.

२४ जुलै रोजी तुकडी सेंट लुईसला पोहोचली. स्थानिक सायकलस्वार तिला सामोरे गेले आणि फॉरेस्ट पार्कमध्ये तळ पडला. पुढे तेथे झालेल्या कवायती पाहण्यास हजारो नागरिक लोटले. प्रवासास एकूण ४१ दिवस लागले. त्यांपैकी प्रत्यक्ष वाटचालीचे दिवस ३४ होते. म्हणजे दर दिवशी सरासरी ५६ मैल (सुमारे ९० किलोमीटर). चालत्या वेळेतील सरासरी वेग ताशी ६.३ मैल होता. यावरून हिशेब केला असता दररोज सुमारे नऊ तास सायकल चालविणे वा ढकलणे हा क्रम चौतीस दिवस चालला, असे दिसते.

प्रयोगाचे मूल्यमापन

मॉस यांच्या मते सायकलला चारा-पाणी लागत नाही, ती खिंकाळत नाही, घोड्याइतकी धूळ उडवीत नाही आणि अनुकूल रस्त्यावर पायदळाहून कितीतरी वेगाने जाते. सायकल घोड्याची जागा पूर्णतः घेईल असा त्यांचा दावा नव्हता. प्रसंगानुरूप दोन्ही परस्परपूरक ठरतील असे त्यांचे प्रतिपादन होते. ते संतुलित होते. तथापि वरिष्ठांनी सायकलवरून परतण्याची आवश्यकता नसल्याचे ठरविले आणि तुकडी रेल्वेने मिसूलास परतली. १८९८ साठी मॉस यांनी मिसूला ते सॅन फ्रान्सिस्को असा प्रवास सुचविला होता. तो मान्य झाला नाही. त्याच वर्षी स्पेनशी युद्ध सुरू झाले, पलटण क्युबाकडे रवाना झाली आणि सायकल तुकडी संपुष्टात आली. पुढील काळात मोटारवाहनाने हा प्रश्नच निकालात काढला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. प्रयोग यशस्वी झाला म्हणजे नेमके काय सिद्ध झाले? यंत्र टिकाऊ ठरले, असे उत्तर कंपनी देऊ शकली. अधिकाऱ्याच्या कल्पकतेची नोंद झाली. परंतु टायर फाटले, शिधा संपला, पाणी दूषित निघाले, तरीही प्रवास पूर्ण झाला तो माणसांच्या सहनशक्तीमुळे. कृष्णवर्णीय सैनिकांच्या योग्यतेविषयी शंका घेणाऱ्या त्या काळात हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा होता आणि नेमका तोच निष्कर्ष काढण्याची कोणाला गरज वाटली नाही.

सैनिकांचा उत्तरकाळ

१ जुलै १८९८ रोजी क्युबातील एल कॅनेच्या लढाईत पंचविसाव्या पलटणीने भाग घेतला. त्यानंतर ती फिलिपाइन्समध्येही लढली. ऑगस्ट १९०६ मध्ये टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथे रात्री झालेल्या गोळीबारात एक गोरा नागरिक ठार झाला आणि आरोप या पलटणीच्या सैनिकांवर आला. ठाण्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी सैनिक त्या वेळी बराकीतच होते असे सांगितले. तरीही कोणताही खटला न चालविता राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ सैनिकांना बडतर्फ केले. त्यांत सुमारे पंचवीस वर्षे सेवा झालेले आणि निवृत्तिवेतनाच्या उंबरठ्यावर असलेले सार्जंट मिंगो सँडर्स होते. सायकलवरून १९०० मैल जाणाऱ्या, क्युबात लढलेल्या या सैनिकाचे निवृत्तिवेतन एका आदेशाने गेले. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९७२ मध्ये शासनाने ही बडतर्फी रद्द करून सर्वांना सन्मानाने सेवामुक्त ठरविले. तेव्हा सँडर्स यांच्या मृत्यूला त्रेचाळीस वर्षे झाली होती.

मॉस यांची कारकीर्द मात्र पुढे बहरली. लष्करी विषयांवरील त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांना मोठा वाचक मिळाला आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी कृष्णवर्णीयांच्याच ३६७ व्या पलटणीचे नेतृत्व केले. त्यांच्याविषयी अनादर दाखविण्याचे कारण नाही. परंतु एकाच प्रवासातून निघालेल्या दोन माणसांच्या वाटा किती भिन्न दिशांनी गेल्या, हे इतिहासकाराने नोंदविलेच पाहिजे.

महाराष्ट्रातील अभ्यासकाच्या दृष्टीने

हा विषय महाराष्ट्रातील वाचकास परका वाटण्याचे कारण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. फुल्यांनी ज्या मुक्तीचे कौतुक केले, तिच्यानंतरच्या तीन दशकांत त्या मुक्त माणसांच्या वाट्याला काय आले, याचे एक उत्तर मिसूलाच्या तुकडीच्या इतिहासात आहे. त्याच १८९० च्या दशकात आपल्याकडे मुंबई सैन्यात महारांची भरती बंद करण्यात आली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतीपत्राद्वारे या अन्यायाला वाचा फोडली. दोन्ही घटनांची परिस्थिती भिन्न आहे, त्यांची सरसकट तुलना करणे योग्य नाही. तरीही एक सूत्र समान दिसते. लष्करी सेवा हा वंचित समाजाला नागरिकत्वाचा दावा करण्याचा मार्ग वाटत होता आणि सत्ताधाऱ्यांना ती सोयीनुसार घेण्याची व नाकारण्याची वस्तू वाटत होती.

निष्कर्ष

१) पंचविसाव्या पलटणीचा १८९७ चा प्रवास हा सामानासह आडवाटेने केलेल्या दीर्घ सायकलप्रवासाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा आहे. सामान बांधण्याच्या आजच्या पद्धतीची अनेक तत्त्वे त्यात आढळतात.

२) सायकलचे स्वातंत्र्य सापेक्ष होते. शिधा, पाणी व मार्ग या तिन्ही बाबतींत तुकडी रेल्वेवर अवलंबून होती.

३) प्रयोगाचे यश यंत्रापेक्षा सैनिकांच्या सहनशक्तीचे व परस्पर सहकार्याचे होते, तथापि श्रेयाची वाटणी याच्या उलट झाली.

४) उपलब्ध साधने अधिकारी व वार्ताहर यांची असल्याने सैनिकांचा अनुभव त्यांच्या कृतींवरूनच वाचावा लागतो.

१९७४ मध्ये मॉन्टाना विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी याच मार्गावरून पुन्हा सायकलप्रवास करून या सैनिकांची आठवण जागविली. आज मिसूला हे अमेरिकेतील सायकल पर्यटनाचे प्रमुख केंद्र आहे आणि दुर्गम वाटांचे नकाशे तयार करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेचे कार्यालय तेथेच आहे. तेथून निघणारा प्रवासी हव्या त्या दिशेने, हव्या त्या वेगाने जाऊ शकतो आणि थकला तर परतही फिरू शकतो. मिंगो सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यांपैकी एकही मुभा नव्हती. त्यांच्या प्रवासाचा अभ्यास करताना मैलांच्या मोजणीबरोबर या अभावाचीही मोजणी व्हावी, एवढेच या निबंधाचे सांगणे आहे.